'गो'चं 'वेंट' आणि आपलं 'गेला' : हे आले कुठून?

शहापूरची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. इथे बेळगावात संध्याकाळी घरी शिकवण्या घेते. सहावी-सातवीची पोरं, निम्मी मराठी माध्यमाची, निम्मी कन्नड. सध्या इंग्रजीचा भूतकाळ चालू आहे. वॉक-वॉक्ड, जंप-जंप्ड इथवर सगळे खूश असतात. मग कुणीतरी वहीत लिहितो, 'आय गोड टू मार्केट', आणि बाकीचे 'गोड गोड' करत हसतात. दुरुस्त करून 'वेंट' लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेला : टीचर, 'गो'मधलं एक तरी अक्षर 'वेंट'मध्ये आहे का?

'इंग्रजी अशीच असते, पाठ कर' हे उत्तर आम्हाला मिळालं होतं. तेच पुढच्यांना द्यायचा कंटाळा आला म्हणून थोडं वाचलं.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत जाण्यासाठी 'गान' असं क्रियापद होतं. गंमत अशी की त्याचा भूतकाळ तेव्हाही त्याच्यापासून होत नव्हता. तो होता 'एओदे'. म्हणजे भानगड आजची नाही. त्याच काळात 'वेंडन' नावाचं दुसरं एक क्रियापद होतं. अर्थ वळणे, वळवणे. पुढे वाट धरणे आणि मग नुसतं जाणे. सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट, तसंच वेंड-वेंट. पंधराव्या शतकाच्या सुमारास 'एओदे'ची पोरंबाळं मागे पडली आणि 'वेंट' हा 'गो'च्या घरी कायमचा राहायला आला. बिचाऱ्या 'वेंड'ला स्वतःसाठी 'वेंडेड' असा नवा भूतकाळ करून घ्यावा लागला आणि आता तो 'वेंड युअर वे' एवढ्यापुरता उरलाय.

स्कॉटलंडकडे मात्र 'गो'पासूनच केलेला 'गेड' असा भूतकाळ चालत होता. म्हणजे 'गोड' लिहिणारा पोरगा अगदीच वेडा नाही. त्याच्या आधी एका अख्ख्या मुलखाने तेच केलंय.

आता माझे दोन प्रश्न. 'गो' आणि आपल्या 'गम्'चं काही नातं आहे का? आणि असा दुसऱ्याच्या घरातून आणलेला भूतकाळ मराठीत किंवा कन्नडमध्ये सापडतो का? सापडला तर पोरांना समजावणं फार सोपं होईल.

घटप्रभा_काठ

जागा धरून ठेवतो. वाखु (वाचनखूण) साठवली.

निपाणीकर७२

ताई, एवढं डोकं कशाला शिणवायलाय? 'गो' म्हणजे आपला गम् धातू. गच्छति, गमन, गती. 'ग'ला 'ग' जुळतोय की! इंग्रजांनी इथनं नेलं आणि वर आपल्यालाच शिकवायलेत.

मार्कंडेय_तीर

नेलं ते कधी, काका? ईस्ट इंडिया कंपनी १६०० सालची. त्याच्या सहाशे-सातशे वर्षं आधीच्या इंग्रजी पोथ्यांत 'गान' आहे.

धातुपाठ

निपाणीकर काका, रागावू नका, पण 'ग'ला 'ग' जुळतोय हीच इथली अडचण आहे.

संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांचा उगम एक असावा हे विल्यम जोन्स नावाचा इंग्रज न्यायाधीश १७८६ साली कलकत्त्यात बोलला. त्यानंतर १८२२ मध्ये याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडिताने दाखवलं की या भाषांतले ध्वनी वाटेल तसे बदलत नाहीत, ठरावीक वाटेने बदलतात. त्यामुळे खऱ्या नातेवाइकांचे चेहरे बरेचदा जुळत नाहीत आणि ज्यांचे चेहरे जुळतात ते बरेचदा परके निघतात.

या सगळ्यांच्या आणि इंग्रजीच्याही मूळ भाषेत 'ग्व' असा एक ध्वनी होता. तो संस्कृतात ग किंवा ज झाला आणि इंग्रजीच्या घराण्यात त्याचा क झाला. म्हणून आपली गो म्हणजे गाय, तिकडे 'काऊ'. आपला जीव, तिकडे 'क्विक' (त्याचा जुना अर्थ चपळ नव्हे, जिवंत). याच वाटेने गम् चालत गेला तर इंग्रजीत काय होईल? 'कम'. गच्छतिचा इंग्रजी भाऊ 'गो' नाहीच, 'कम' आहे. दिशा उलटी कशी झाली म्हणाल तर मूळ धातूचा अर्थ पाऊल टाकणे एवढाच असावा. ग्रीकमधला त्याचा भाऊ 'बाइनो' म्हणजे चालतो, लॅटिनमधला 'वेनिरे' म्हणजे येणे. आपणही नुसता 'आ' जोडून आगमन करतोच की.

मग 'गो' कुणाचा? इंग्रजीतला ग बरेचदा संस्कृतात ह म्हणून भेटतो. 'गूस' म्हणजे हंस, 'गोल्ड' म्हणजे हिरण्य. त्या हिशेबाने 'गो'चा भाऊ संस्कृतातला 'हा' धातू. जहाति म्हणजे सोडतो, जिहीते म्हणजे निघून जातो. मराठीत त्याची लेकरं आहेत 'हानी' आणि 'हीन'. हीन म्हणजे मुळात सोडलेला, टाकलेला.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. मराठीत तर दोन-दोन 'वेंट' आहेत. 'जाणे' आलंय संस्कृत 'या'पासून, याति. शब्दाच्या सुरुवातीच्या य चा ज होणं आपल्याकडे नेहमीचं आहे : योगी-जोगी, यव-जव, यात्रा-जत्रा. पण भूतकाळात आपण 'जाला' म्हणत नाही, 'गेला' म्हणतो आणि ते आलंय 'गत'पासून. गत, प्राकृतात गअ, त्याला 'इल्ल' चिकटला आणि झिजून झाला गेला. तसंच येणे-आला. 'येणे' हे 'एति'कडचं आणि 'आला' हे 'आगत'कडचं. म्हणजे मराठी माणूस निघताना एका धातूने निघतो आणि पोहोचल्यावर दुसऱ्या धातूने पोहोचलेला असतो.

शहापूरची_मास्तरीण

थांबा थांबा. म्हणजे 'तो गेला'मधला 'गेला' आणि 'ही केम'मधला 'केम' हे भाऊ भाऊ? आणि 'गो'चा मराठीतला नातेवाईक 'हानी'? हे मी वर्गात सांगितलं तर उद्या पालक भेटायला येतील.

बाकी 'जाणे-गेला' मी रोज बोलते आणि कधी खटकलं नव्हतं. पोरांना आधी तेच विचारते : 'जा'मधलं कुठलं अक्षर 'गेला'मध्ये आहे, सांगा.

आजोबा_खानापूर

आमची नात तीन वर्षांची असताना 'बाबा जाला, बाबा जाला' म्हणायची. 'दूध येला' हेही होतं. सगळे हसायचे. ती व्याकरण आमच्यापेक्षा नीट पाळत होती हे आज कळलं.

धातुपाठ

आजोबा, अगदी. इंग्रजी घरातली पोरंही 'गोड' म्हणतातच, शिकवावं लागत नाही. नियम आधी पकडतात, अपवाद नंतर.

अपवाद टिकतात ते रोजच्या वापरामुळे. असणे, जाणे, येणे, चांगला-वाईट असले शब्द दिवसातून इतक्यांदा तोंडात येतात की त्यांची आडमुठी रूपं पिढ्यान् पिढ्या घोकली जातात. वर्षातून एकदा लागणारं क्रियापद असतं तर केव्हाच सरळ झालं असतं. एका शब्दाची रूपं दुसऱ्याच मुळाकडून आणण्याच्या या प्रकाराला 'सप्लेशन' म्हणतात, ओस्टहोफ नावाच्या जर्मन पंडिताने १८९९ मध्ये त्यावर लिहिलं. फ्रेंचमध्ये 'मी जातो', 'आम्ही जातो' आणि 'मी जाईन' यांची मुळं तीन वेगळी दिसतात. स्पॅनिशमध्ये 'फुई' म्हणजे गेलोही आणि होतोही. जर्मनमध्ये 'गेहेन'चा भूतकाळ 'गिंग', तोही शेजारच्या क्रियापदाकडून आणलेला.

हुक्केरीचा_बसू

नमस्कार री सगळ्यांना. माझी मातृभाषा कन्नड, शिक्षण मराठी शाळेत, त्यामुळे लिहिण्यात चुका झाल्या तर पोटात घाला.

आमच्या कन्नडमध्ये ही भानगड नाही. 'होगु' म्हणजे जा. 'होद' म्हणजे गेला, 'होय्तु' म्हणजे गेलं, 'होगि' म्हणजे जाऊन. सगळं एकाच मुळाचं. येण्याचं पण तसंच : 'बा', 'बर्तीनि', 'बंद'. जरा वाकडं आहे पण घर एकच. तमिळमध्ये पण 'पो', 'पोनान'.

निपाणीकर काकांच्या आधीच सांगून टाकतो, 'होगु'मध्ये 'गो' ऐकू येतो म्हणून ते नातं नाही. जुन्या कन्नडमध्ये हे 'पोगु' होतं. कन्नडमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा प पुढे ह झाला. पालु-हालु (दूध), पावु-हावु (साप), पत्तु-हत्तु (दहा). आपल्या भागात इतक्या गावांच्या शेवटी 'हळ्ळी' आहे, तीही मूळची 'पळ्ळी'. तिरुचिरापल्लीत अजून प शिल्लक आहे बघा. किट्टेल साहेबांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ चा आहे, त्यात ही जुनी-नवी दोन्ही रूपं मिळतात.

निपाणीकर७२

मी असं म्हणणारच नव्हतो. (म्हणणार होतो.)

दुसरं_रेल्वे_गेट

'गो'च्या शेजाऱ्याची एक गोष्ट. जुन्या इंग्रजीत 'गान'सोबत 'गांगन' असंही एक होतं, अर्थ तोच. स्कॉटिश बोलीत 'गँग' म्हणजे जाणे हे पुढेही राहिलं. बाकी इंग्रजीत त्याचं नाम उरलं. आधी 'गँग' म्हणजे चाल, प्रवास. मग बरोबर चालणारी टोळी. मग कामावर निघालेल्या मजुरांची टोळी. आमचे वडील लोंढा लाईनवर होते, रुळांवर काम करणाऱ्यांना सगळे 'गँगमन'च म्हणत. सिनेमातली गँग त्यानंतर कधीतरी डोक्यात बसली. आणि जहाजाचा 'गँगवे', तो तर अजून जायची वाटच आहे.

धातुपाठ

आणि त्या 'गँग'चा संस्कृत भाऊ म्हणजे जंघा, आपली जांघ. मूळ कल्पना पाय टाकण्याची. 'गो' आणि 'गँग' दिसायला सख्खे वाटतात पण मुळं वेगळी, एका आळीत राहून मिसळलेली.

वडगाव_मागवाला

मला धातूबितू कळत नाही, पण बसूअण्णांचं वाचून एक आठवलं. आपण सीमाभागातले लोक जाण्या-येण्याची क्रियापदं कन्नडच्या चालीवर वापरतो की कन्नडवाले मराठीच्या? बघा :

लाईट गेली, करंट होय्तु.
गेल्या वर्षी, होद वर्ष.
मरून गेला, सत्तु होद.
विसरून गेलं, मरतु होय्तु.
जाऊ दे सोड, होग्लि बिडु.
मला कन्नड येतं, ननग कन्नड बर्तैति.

शब्दाला शब्द. इंग्रजीत 'इंग्लिश कम्स टू मी' म्हटलं तर मास्तरीणबाई छडी घेतील.

शहापूरची_मास्तरीण

छडी नाही घेत हो! पण ही चूक शिकवणीत खरोखर होते आणि दोन्ही माध्यमांची पोरं सारखीच करतात. 'टू मी स्विमिंग कम्स.' आता कळतंय की दोघांची चूक एकच का असते.

मिरज_जंक्शन

मागवाले दादांनी फार मोठा विषय सहज मांडलाय.

ही देवाणघेवाण फक्त मराठी-कन्नडची नाही. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये 'भारत हे एक भाषिक क्षेत्र' अशी मांडणी केली. घराणी वेगळी असली तरी शेकडो वर्षं एका अंगणात राहिलेल्या भाषा एकमेकींच्या सवयी उचलतात. 'मरून गेला' अशी दोन क्रियापदं जोडायची सवय हिंदीतही आहे, तमिळमध्येही आहे.

पण आपल्या भागाचं खास उदाहरण म्हणजे कुपवाड. सांगली-मिरजेजवळचंच. गंपर्झ आणि विल्सन या दोघा अभ्यासकांनी तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचा अभ्यास करून १९७१ मध्ये निबंध छापला. घरोघरी भाषा वेगळी, पण वाक्यांची ठेवण इतकी सारखी झालेली की एका भाषेचं वाक्य दुसऱ्या भाषेत न्यायला नुसते शब्द बदलले तरी चालावं. भाषाशास्त्र शिकणारे जगभरचे विद्यार्थी ते कुपवाड वाचतात आणि आपण तिथून एमआयडीसीकडे जाताना काच वर करतो.

बेळगावचा_जावई (मुक्काम पुणे)

मी एक विचारू का, भांडण न होता? आमच्या सासुरवाडीला बायकासुद्धा 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंचा फोन आला, 'मी उद्या येतो', तर मला वाटलं सासरे बोलतायत. हे कन्नडमुळे का?

कॅम्पातली_माई

जावईबापू, आम्ही बोलतो तसं बोलतो. माझी आई, आजी सगळ्या 'मी जातो'च म्हणत आल्या. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा होस्टेलवरच्या मुली हसायच्या. आता घरात 'जातो' आणि बँकेत 'जाते'. दोन्ही माझंच.

हुक्केरीचा_बसू

कन्नडमध्ये 'मी'ला स्त्री-पुरुष भेद नाही. 'होग्तीनि' अण्णा पण म्हणतो, अक्का पण म्हणते. गेला-गेली हा भेद तिसऱ्या माणसाबद्दल बोलतानाच : होद, होदळु.

मिरज_जंक्शन

बसूअण्णांचं बरोबर आहे आणि ओढा तिकडचा असणं शक्य आहे. पण एकदम शिक्का मारू नका. कोल्हापुरातल्या बायकाही 'मी जातो' म्हणतात आणि त्यातल्या कितीकींच्या घरात कन्नडचा गंध नाही. 'कन्नडमुळे' हे उत्तर आपल्याकडे फार स्वस्त झालंय. बेळगावच्या मराठीत जे जे पुण्याहून वेगळं, ते ते कन्नडमुळे, असं नसतं. काही तिकडचं जुनं इथे टिकलेलं असतं, काही इथे स्वतंत्रपणे घडलेलं असतं.

कडोलीचा_तात्या

हेच म्हणतो मी. आमची मराठी म्हणजे काय बिघडलेली पुणेरी नाही! १९५६ ला रेघ मारली आणि

संपादक

तात्या, पुढचा मजकूर काढला आहे. सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत, तिथे मनसोक्त लिहा. इथे जाणे-येणे चालू द्या.

दुसरं_रेल्वे_गेट

जाण्या-येण्यावर माझी एक थिअरी आहे. इंग्रजीत बिघडतं ते सगळं 'गो' करतं. मिल्क गोज बॅड, मॅन गोज मॅड, प्लॅन गोज राँग. आणि सुधारतं ते 'कम' करतं. ड्रीम कम्स ट्रू, ही केम टू हिज सेन्सेस. मराठीत पण तसंच. शुद्ध गेली, शुद्धीवर आला. लाईट गेली, लाईट आली. अब्रू जाते, अक्कल येते. जे आपल्याजवळ असायला पाहिजे ते दूर गेलं की जाणे, परत आलं की येणे. शब्द वेगळे, भाषा वेगळ्या, पण माणूस स्वतःला मधोमध उभा करतो.

कॅम्पातली_माई

आणि ताप? राग? खोकला? झोप? मला तरी ताप 'येतो' आणि तो 'गेला' की बरं वाटतं.

दुसरं_रेल्वे_गेट

माई, थिअरीला तापच आला.

हुक्केरीचा_बसू

कन्नडमध्ये पण ज्वर 'बंतु', सिट्टु 'बंतु'. म्हणजे ताप आला, राग आला. मला वाटतं आपल्याकडे अंगात जे आपोआप शिरतं ते येतं, मग ते चांगलं असो का वाईट. कन्नड येणं, पोहणं येणं, रडू येणं, सगळं त्यातच. आम्ही ते करत नाही, ते आमच्याकडे येतं. इंग्रज माणूस 'आय नो', 'आय कॅन' म्हणून स्वतः पुढे उभा राहतो.

धातुपाठ

बसूअण्णा, हे चांगलं मांडलंत. दुसऱ्या गेटच्या थिअरीला थोडी डागडुजी केली की चालेल. 'गो' अधिक विशेषण ही इंग्रजी जोडणी बरीचशी बिघाडाकडे झुकते हे खरं, पण 'गो ग्रीन', 'गो डिजिटल'ही त्यातच बसतात. मुख्य कल्पना एका स्थितीतून बाहेर पडण्याची.

निपाणीकर७२

ते 'गोइंग टू' राहिलं की. 'इट इज गोइंग टू रेन'. पाऊस कुठे जायलाय?

धातुपाठ

काका, आजच्या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा.

आधी ते खरोखर जाणंच होतं. 'मी दळण आणायला चाललोय' म्हटलं की पाय चालतायत हेही कळतं आणि दळण अजून आणलेलं नाही हेही कळतं. पंधराव्या शतकाच्या सुमारापासून इंग्रजीत दुसरा अर्थ जड होत गेला आणि पाय गळून पडले. मग पाऊसही 'गोइंग टू' झाला. एकदा अर्थ झिजला की उच्चारही झिजतो, त्याचं 'गॉना' झालं. पण खरोखर जायचं असेल तर तिथे 'गॉना' चालत नाही. 'आय ॲम गॉना मार्केट' कुणी म्हणत नाही. फ्रेंचमध्येही जाण्याचं क्रियापद असंच भविष्याच्या कामाला लागलं.

मराठीत मात्र याच जोडणीने वेगळीच वाट धरली. 'करायला गेलो' म्हटलं की पुढचं वाक्य काय येणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं : करायला गेलो एक आणि झालं भलतंच. 'समजवायला गेलो', 'मदत करायला गेलो', 'नळ दुरुस्त करायला गेलो'. नळ घरातलाच, कुठे गेलेलो नसतो. आपल्याकडे ते भविष्य न होता फसलेला खटाटोप झालं.

कॅम्पातली_माई

नळाचं उदाहरण आमच्या घरी वाचून दाखवलं. ह्यांनी पेपर वर केला.

आजोबा_खानापूर

घराबाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आमच्या पिढीत चुकलं तर आई परत आत बोलवून बसवायची. कन्नडमध्ये 'होगि बर्तीनि', म्हणजे जाऊन येतो. दोन्ही शब्द घेतात, पण शेवट येण्यावर. नुसता 'होद' म्हणजे वारला असाही अर्थ होतो, जसा आपल्यात 'गेला'. इंग्रजीत पण 'ही इज गॉन' आहेच.

दुसरं म्हणजे हाक मारली की आत बसल्या बसल्या 'आलो आलो!' अजून उठलेला नाही, पण भूतकाळ लावून मोकळा. कन्नडवाले पण 'बंदे, बंदे' म्हणतात, म्हणजे आलो, आलो. सीबीटीवर (बसस्टँडवर) एखाद्याची वाट बघत उभं राहा आणि फोन करा, दोन्ही भाषांत हेच ऐकायला मिळेल आणि माणूस अजून गोगटे सर्कललाही आलेला नसेल.

मार्कंडेय_तीर

आणि 'मी चाललो' म्हणून पाहुणे उंबऱ्यावर अर्धा तास. तोही भूतकाळच.

बाय द वे, फोनवर 'आलो' म्हणणं हे इंग्रजी 'कमिंग'सारखंच आहे. बोलणारा समोरच्याच्या जागेवरून बघतो. स्पॅनिश माणूस इथे 'या व्हॉय' म्हणजे 'जातोच' म्हणतो. त्याला बेळगावात घर मिळालं तर शेजारी पहिल्याच दिवशी घाबरतील.

घटप्रभा_काठ

जागा धरली होती ती भरतो. 'गेल्या वर्षी' आणि 'होद वर्ष' वाचून इंग्रजीतलं 'अगो' आठवलं. टेन इयर्स अगो. हे 'अगो' म्हणजे 'अगॉन', निघून गेलेलं. शब्दकोशात बघितलं तर 'गो'च्याच घरातलं. म्हणजे तिन्ही भाषांत गेलेला काळ पायांनी गेलेला आहे. आणि 'येत्या वर्षी', 'कमिंग इयर' तसंच. कन्नडचं बसूअण्णा सांगतील.

हुक्केरीचा_बसू

'बरो वर्ष'. येणारं वर्ष. बरोबर.

शहापूरची_मास्तरीण

आज वर्गात 'जा'-'गेला' करून बघितलं. मराठी माध्यमाची पोरं गप्प झाली आणि कन्नड माध्यमाच्या मुलीने फळ्यावर येऊन 'होगु, होद, होग्तान' लिहून दाखवलं. 'नम्दु सरळ ऐति' म्हणाली, म्हणजे आमचं सरळ आहे. तिला आज पहिल्यांदा शिकवणीत भाव मिळाला.

एकाने मात्र नवा प्रश्न टाकला : मग 'वॉक' कुठून आलं? कुणाला माहीत आहे का?

धातुपाठ

'वॉक' हे जुन्या इंग्रजीतल्या 'वेआल्कन'पासून. अर्थ चालणे नव्हता, लोळणे, गडगडणे, लाटांसारखं हेलकावणे असा होता. चालण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. पण एका धंद्यात वेगळाच अर्थ होता. विणलेलं लोकरी कापड ओलं करून पायांनी तुडवायचे, म्हणजे ते आटून घट्ट होई. ते तुडवणारा तो 'वॉकर'. इंग्रजांत वॉकर आडनाव इतकं दिसतं ते सकाळी फिरायला जाणाऱ्यांवरून नाही, या कामावरून.

मागवाले दादा, तुमच्याकडे असं काही करतात का?

वडगाव_मागवाला

नाही हो. ते लोकरीला. आमच्या सुती-रेशमी साडीला तुडवलं तर गिऱ्हाईक आम्हाला तुडवील. इथे ताण्याला (उभ्या धाग्यांना) खळ देतात, ती विणायच्या आधी. कापड झाल्यावर घडी, बाकी काही नाही.

पाय चालतात ते हातमागावर, खड्ड्यात बसून. खालची पट्टी दाबली की ताण्याचे निम्मे धागे वर जातात, निम्मे खाली, आणि मधल्या फटीतून धोटा जातो. आमचे आजोबा दिवसभर बसून 'आज किती चाललं?' विचारायचे. म्हणजे किती हात कापड झालं. आता पॉवरलूमला तेही राहिलं नाही, करंट गेली की सगळेच उठून चहाला जातात.